आजोबा सख्खे भाऊ, मग आमच्यातलं जनुकीय साम्य दुप्पट कसं?

प्रश्न : रिकामी_चौकट

गेला दीड महिना हा प्रश्न मनात घेऊन फिरते आहे. घरात विचारता येईल असं कुणी उरलेलं नाही, आणि जी एकच व्यक्ती आहे तिला विचारायचा धीर होत नाही. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते.

बाबांना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. त्यांच्या कपाटात गुंडाळी करून ठेवलेला एक मोठा कागद सापडला. पेन्सिलीने आखलेली आमची वंशावळ. आजोबांपासून वर सात पिढ्या, प्रत्येक चौकटीत नाव, जिथे माहीत होतं तिथे साल. अक्षर बाबांचं, म्हणजे एकही खाडाखोड नाही. मात्र सातही पिढ्या पुरुषांच्याच. बायकांच्या चौकटी आखलेल्या आहेत आणि बहुतेक कोऱ्या आहेत. बाबांच्या स्वतःच्या आईच्या चौकटीत फक्त सासरचं नाव आहे. तिच्यावरच्या दोन चौकटी रिकाम्या.

हा कागद पुरा करायचं मी ठरवलं. त्याच ओघात लाळेचा नमुना देऊन डीएनए चाचणीही करून घेतली. अहवालात जुळणाऱ्या माणसांच्या यादीत सगळ्यात वर एक बाई होती, ४९ वर्षांची, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि त्यात तिच्या आजोबांचं नाव होतं. ते नाव बाबांच्या कागदावर आहे! माझ्या आजोबांचे थोरले सख्खे भाऊ. म्हणजे तिचे वडील आणि माझे बाबा चुलतभाऊ, आणि ती नि मी चुलत-चुलत बहिणी. त्या दिवशी मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. तीन पिढ्या या दोन घरांत बोलणं नव्हतं.

मग मी आकडा नीट पाहिला. आमच्यात ४४६ सेंटीमॉर्गन (डीएनएच्या समान तुकड्यांची लांबी मोजायचं एकक) समान आहे. वाचून जे समजलं त्याप्रमाणे चुलत-चुलत भावंडांत साधारण ३ टक्के, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास असायला हवं. आमचं बरोबर दुप्पट. अहवालाने सुचवलेलं नातं 'हाफ फर्स्ट कझिन' किंवा 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड'. यातलं दुसरं म्हणजे चुलत आत्या नि भाची असं पिढीचं अंतर, ते आमच्या वयांत आणि कागदावर कुठेच बसत नाही. पहिलं मात्र बसतं, आणि तेच मला झोपू देत नाही. हाफ फर्स्ट कझिन म्हणजे आजोबा एक, आज्या दोन. म्हणजे बाबा माझ्या आजोबांचे नव्हेत, थोरल्या भावाचे.

घरातला इतिहासही सांगायला हवा. माझी आजी गेली तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते आणि आत्या दीड वर्षाची. आत्या आजोबांजवळ राहिली, बाबांना थोरल्यांच्या घरी पाठवलं. चार वर्षं ते तिथे होते. पुढे आजोबांनी दुसरं लग्न केलं, बाबांना परत आणलं, आणि त्याच सुमारास दोघा भावांचं कशावरून तरी बिनसलं ते कायमचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी बाबांकडे बघून म्हटलेलं मला आठवतं, "हा अगदी थोरल्याच्या वळणावर गेलाय." बाबा काही न बोलता उठून बाहेर गेले. तेव्हा वाटलं, भांडणाचा विषय नको म्हणून गेले असतील. आता ते वाक्य दिवसातून दहा वेळा आठवतं.

त्या चार वर्षांबद्दल बाबा फार बोलत नसत. बोलले की एकच गोष्ट : गोवर आला होता तेव्हा मावशी अकरा रात्री उशाशी बसून होती. अकरा हा आकडा ते कधी चुकले नाहीत.

माझे प्रश्न दोन. सरळ चुलत-चुलत बहिणींमध्ये ४४६ येऊ शकतं का? आणि बाबांचे वडील कोण हे, आत्याला न दुखवता, खात्रीने कळायचा काही मार्ग आहे का? आत्या ७८ वर्षांची आहे. हयात असलेली तेवढी एकच.

एक राहिलं. माझ्या आईकडून हे साम्य आलेलं नाही, एवढं मी तपासलंय. माझ्या मामेभावाची चाचणी त्याच ठिकाणी झाली आहे आणि त्या बाईंचं त्याच्याशी काहीही जुळत नाही. त्यांची आईही पूर्णपणे वेगळ्या घराण्यातली.

उत्तर : तिसरा_बाक

वाय गुणसूत्राची चाचणी करून घ्या ना. ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं. तुम्हाला सख्खा भाऊ असेल तर त्याचा नमुना आणि त्या बाईंच्या भावाचा नमुना शेजारी ठेवायचा. जुळलं नाही तर कळेलच.

उत्तर : दप्तरदार

तिसरा_बाक, इथे त्याचा उपयोग नाही. दोन सख्खे भाऊ. दोघांना वाय एकाच बापाकडून मिळालेलं. यांचे बाबा धाकट्याचे असोत की थोरल्याचे, त्यांच्याकडे तेच वाय येणार. पैसे खर्चून उत्तर मिळेल 'जुळतं', आणि ताई आत्ता आहेत तिथेच राहतील.

ताई, तुमचं लिखाण मी दोनदा वाचलं. जनुकांतलं मला मर्यादित कळतं, पण तीस वर्षं जुनी नोंदणीपुस्तकं हाताळली आहेत आणि त्यावरून एक विचारतो. तुमच्या बाबांना गोवर आला तेव्हा ते थोरल्या चुलत्याच्या घरी होते. तिथे उशाशी बसलेली बाई कोण होती?

चुलत्याच्या बायकोला आपण काकू म्हणतो. तुमचे बाबा मावशी म्हणतात.

'मावशी' आपण कुणालाही म्हणतो हे मला ठाऊक आहे. शेजारणीला म्हणतो, आईच्या मैत्रिणीला म्हणतो. एवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही. पण ज्या बाईसाठी 'काकू' हा तयार आणि रोजच्या वापरातला शब्द आहे, तिला सोडून दुसरा शब्द वापरला जातो तेव्हा त्याला कारण असतं. बहुतेक वेळा ते कारण म्हणजे आधीचं, जवळचं नातं. सहा वर्षांच्या पोरासाठी ती आधी आईची बहीण होती आणि मग चुलत्याची बायको.

दोन भावांना दोन बहिणी दिल्या असतील तर त्यांची मुलं एकमेकांची चुलतभावंडंही होतात आणि मावसभावंडंही. त्या मुलांना आजोबा-आजींच्या दोन्ही जोड्या त्याच. त्यामुळे साम्य दुप्पट. पुढच्या पिढीतही दुप्पटच राहतं. तुमचा ४४६ तिथे चपखल बसेल असं मला वाटतं, हिशेब जाणकारांनी तपासावा.

याचं ठळक उदाहरण चार्ल्स डार्विनच्या घरातलं आहे. १८३७ साली त्याची बहीण कॅरोलाइन हिचं लग्न जोसाया वेजवुडशी झालं आणि १८३९ साली चार्ल्सने त्याच जोसायाची बहीण एमा हिच्याशी लग्न केलं. आपल्या शब्दांत साटंलोटं. त्यात एमा ही चार्ल्सची मामेबहीण, म्हणजे आधीचं नातं होतंच. राल्फ वॉन विल्यम्स हा संगीतकार या कॅरोलाइनचा नातू. त्याची आई आणि डार्विनची मुलं यांचं नातं इंग्रजीत नुसतं 'कझिन' म्हणून सांगितलं तर अर्धं हरवतं. मराठीत मात्र प्रत्येक वाट वेगळी सांगता येते : आतेभावंडंही, मामेभावंडंही. म्हणून म्हणतो, जुन्या माणसांनी कुणाला काय हाक मारली हे लिहून ठेवत जा. माझ्या लेखी ती नोंदच आहे.

आता कागदाकडे. पूर्वजांना आकडे द्यायची एक जुनी पद्धत आहे. मायकेल आइट्झिंगरने ती १५९० साली छापली आणि १८९८ साली स्ट्राडोनिट्झने रूढ केली. तुम्ही १. कुणाच्याही वडिलांचा आकडा त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. बाबा २, आई ३, बाबांचे वडील ४, बाबांची आई ५. तिचे आईवडील १० आणि ११. बाबांच्या कागदावर नेमक्या त्याच दोन चौकटी कोऱ्या आहेत. आणि तुम्ही शंका घेताय ती ४ नंबरवर, जिथे सगळं लिहिलेलं आहे. आधी कोरी जागा भरा.

त्या बाईंना एकच प्रश्न विचारा : तुमच्या आजीला बहिणी किती होत्या? दुसरं काही सांगायची गरज नाही.

रिकामी_चौकट

दप्तरदार, तुमचं उत्तर वाचून मी पत्रांचा गठ्ठा पुन्हा सोडला. बाबांनी कॉलेजात असताना लिहिलेली, पण कधीच न पाठवलेली तीन पत्रं त्यात आहेत. तिन्हींचा मायना एकच : "ती. मावशीस सा. न. वि. वि." मी ही पत्रं आधी वाचली होती. कुणीतरी लांबची मावशी असेल म्हणून बाजूला ठेवली होती. तिसऱ्या पत्रात एक ओळ आहे : "काकांना माझा नमस्कार सांगशील का?" एकाच घरात काका आणि मावशी.

त्या बाईंना तुमचा प्रश्न पाठवलाय. अजून उत्तर नाही. पण मन लगेच दुसरीकडे धावतं. हे सगळं खरं असलं तरी पहिली शंका त्याने खोटी ठरते का?

उत्तर : एकपेशी

मी महाविद्यालयात जनुकशास्त्र शिकवते. तुमची ही शेवटची शंका योग्य आहे, आणि तिचं उत्तर मिळू शकतं.

आधी आकडा. १९२२ साली स्यूअल राइट याने नात्याची जवळीक मोजण्याचं गणित मांडलं : प्रत्येक पिढीगणिक निम्मं, आणि दोन माणसांना जोडणाऱ्या जितक्या वाटा तितक्यांची बेरीज. चुलत-चुलत बहिणींमध्ये समान पणजोबांची एक वाट आणि समान पणजीची एक, मिळून ३.१२५ टक्के. दोन बहिणी दोन भावांना दिल्या असतील तर आणखी दोन वाटा वाढतात आणि बेरीज ६.२५ टक्के होते. हाफ फर्स्ट कझिनचे किती? तेही ६.२५. एकूण सुमारे ७,००० सेंटीमॉर्गन धरले तर दोन्हींची सरासरी ४४० च्या जवळ. म्हणून अहवाल चुकीचा नाही. त्याला तुमचा इतिहास माहीत नाही, तो आकड्याशी जुळणारी नाती तेवढी सांगतो. शिवाय ही सरासरी आहे. साध्या चुलत-चुलत जोडीतही क्वचित चारशेच्या वर आकडा जातो. म्हणजे ४४६ या एकट्या संख्येवरून कुणाच्याही आईवडिलांबद्दल काहीही ठरवू नये.

ठरवायला दुसरं साधन तुमच्या हातात आहे आणि ते बहुतेक तुमच्या अहवालातच पडून आहे. एक्स गुणसूत्र.

सावकाश बघा. पुरुषाकडे एकच एक्स असतं आणि ते त्याला आईकडून मिळतं. बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. तुमच्या बाबांचं एक्स पूर्ण तुमच्या आजीचं. बाबांनी ते तुम्हाला दिलं ते जसंच्या तसं, कारण मिसळायला त्यांच्याकडे दुसरं एक्स नव्हतंच. त्या बाईंचंही तसंच : त्यांच्या वडिलांकडून आलेलं एक्स पूर्णपणे त्यांच्या आजीचं. दोघी मुलाच्या मुली आहात, हे इथे फार मोलाचं आहे. आजोबांचं एक्स, मग ते धाकटे असोत वा थोरले, या वाटेने तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही.

म्हणून अहवालात एक्सवरचं साम्य बघा. मोठे तुकडे जुळत असतील तर ते फक्त दोन आज्यांमधून आलेले असू शकतात, कारण आईकडची बाजू तुम्ही तपासली आहे. दोघी सख्ख्या बहिणी असतील तर सरासरीने एक्सचा ३/८ भाग जुळायला हवा. काहीच जुळलं नाही तर मात्र लगेच उलट निष्कर्ष काढू नका. नशिबाने फार थोडं वाट्याला आलेलं असू शकतं.

आता तुमची शंका : आज्या बहिणी असूनही बाबा थोरल्यांचे असू शकतात का? तसं असतं तर तुमचे बाबा आणि त्या बाईंचे वडील बापाकडून सावत्र भाऊ नि आईकडून मावसभाऊ झाले असते, आणि तुम्हा दोघींमध्ये साडेसहाशेच्या आसपास आकडा अपेक्षित असता. ४४६ त्यापासून बराच खाली आहे. पण ही निव्वळ शक्यता झाली, खात्री नव्हे.

खात्री आत्या देऊ शकतात. त्या बाबांच्या सख्ख्या बहीण असतील तर तुमच्यात नि त्यांच्यात २५ टक्क्यांच्या आसपास जुळेल. बाबांचे वडील थोरले असते तर १९ च्या जवळ. शिवाय आत्यांमध्ये तुमच्या आजीचं मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरचं छोटं डीएनए, आहे. ते आईकडून सगळ्या मुलांना मिळतं, पण पुढे फक्त मुली देतात. तुमच्या बाबांपाशी होतं, त्यांच्याबरोबर संपलं. तुमच्यात तुमच्या आईचं आहे. आजीचा तो धागा आज फक्त आत्यांपाशी आहे.

हा धागा किती टिकतो याचं एक उदाहरण. २०१२ साली लेस्टर शहरात वाहनतळाखाली सापडलेला सांगाडा इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचाच, हे ठरवताना त्याच्या बहिणीच्या, अ‍ॅनच्या, मुलीकडून मुलीकडे आलेल्या दोन हयात वंशजांचं मायटोकाँड्रियल डीएनए जुळलं. पाचशे वर्षांनंतर. त्याच अभ्यासात, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पुरुषांच्या वाटेने राजाशी नातं लागणाऱ्या पाच हयात नातेवाइकांचं वाय राजाशी जुळलं नाही. कागदावरची पुरुषांची अखंड मालिका मध्ये कुठेतरी तुटलेली होती आणि बायकांची, जी शोधून काढायला इतिहासकारांना जास्त कष्ट पडले, ती शाबूत होती.

शेवटची गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आत्यांना अंधारात ठेवून त्यांचा नमुना घेऊ नका. यातून काय काय कळू शकतं ते आधी सांगा, नको असलेलंही. मग त्या 'नको' म्हणाल्या तर तिथे थांबा.

उत्तर : सांजवात

ताई, मी वेगळ्या बाजूने बोलते. माझे वडील माझे जन्मदाते नव्हते हे मला चाळिशीत कळलं. कागदावर त्यांचंच नाव आहे आणि ते मी बदललेलं नाही. वंशावळीत माझ्यावर दोन रेघा आहेत, एक अखंड आणि एक तुटक. अखंड रेघ वाढवणाऱ्याकडे जाते. तुमचं उत्तर काहीही आलं तरी गोवरातल्या अकरा रात्री बदलणार नाहीत. तरीही शोधा असंच मी म्हणेन. माहीत नसण्याचे दिवस माझ्यासाठी माहीत झाल्यानंतरच्या दिवसांपेक्षा कठीण होते.

रिकामी_चौकट

अकरा आठवड्यांनी लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात, म्हणून पुढचं सांगणं माझं कर्तव्य आहे.

एक्स त्याच रात्री बघितलं. दोन तुकडे जुळतात, एक ४१ सेंटीमॉर्गनचा आणि एक २७ चा. एकपेशी यांचं उत्तर समोर ठेवून, कागदावर बाण काढून, चार वेळा पडताळलं. ते आज्यांकडूनच आलेत.

दोन दिवसांनी त्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनाही एक आत्या आहे, ७६ वर्षांची, भावांचं बिनसल्यावर वाढलेली. तिने सांगितलं, "आईला एक धाकटी बहीण होती, ती लवकर गेली. तिचं नाव काढलं की आई उठून आत जायची, म्हणून आम्ही विचारायचं सोडलं." नाव तिला माहीत नव्हतं. ती बहीण आपल्याच काकाला दिली होती हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग मी आत्याकडे गेले. वाटेत मनाशी जुळवलेली सगळी वाक्यं तिच्यासमोर बसल्यावर गेली. सरळ सांगितलं : बाबांबद्दल मला अशी शंका आली, ती का आली, आणि तुझ्या नमुन्यातून ती खरीही ठरू शकते. आत्या बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, मी फार मोठी चूक केली. मग म्हणाली, "तुला बाबाची काळजी. मला माझी आई कशी दिसायची तेही माहीत नाही. तिचं काही माझ्यात आहे म्हणतेस ना, घे मग." नळीत लाळ साठवायला तिला पाऊण तास लागला.

निकाल असा. आत्या आणि मी : १,७८२ सेंटीमॉर्गन, म्हणजे २५ टक्क्यांहून थोडं जास्त. बाबा आणि आत्या पूर्ण सख्खी भावंडं. त्या बाईंच्या आत्यानेही आपणहून नमुना दिला. दोन्ही आत्यांचं आपापसांत २३ टक्के जुळतं, आणि त्यात काही जागी गुणसूत्राच्या दोन्ही प्रती सारख्या आहेत. एकपेशी यांनी नंतर निरोपात समजावलं की हे नुसत्या चुलतबहिणींत होत नाही, आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही बाजूंनी नातं असावं लागतं. मायटोकाँड्रियल गटही दोघींचा एकच.

बाबा आजोबांचे. आणि मावशी मावशीच होती. धाकटी बहीण गेल्यावर तिने तिच्या मुलाला चार वर्षं सांभाळलं आणि मग त्याला नेलं गेलं. "थोरल्याच्या वळणावर" यात काही गुपित नव्हतं, बाबा आपल्या काकांसारखे दिसत असतील. मी दीड महिना माझ्या आजीवर, जिने स्वतःच्या बाजूने बोलावं असं जगात कुणी नाही, मनातल्या मनात आरोप ठेवला होता. दप्तरदारांनी लिहिलं नसतं तर पुढेही ठेवला असता. याचं मला फार वाईट वाटतं.

कागदाचा पुरावाही मिळाला, अनपेक्षित जागी. आत्याच्या पेटीत तळाशी एक पुस्तक होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं. पहिल्या पानावर शाईने मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आत्याला ते आपल्या सावत्र आईचं वाटायचं, म्हणून तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. तिकडच्या आजीचा शाळा सोडल्याचा दाखला त्या बाईंकडे आहे. दोन्हींवर वडिलांचं नाव आणि आडनाव तेच. नावं वेगळी, अर्थातच. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला वयाच्या ५२ व्या वर्षी कळलं. ते इथे लिहीत नाही, पण बाबांच्या कागदावर लिहिलं, पेन्सिलीनेच. आत्याने ते नाव मोठ्याने दोनदा वाचलं.

पुढच्या महिन्यात दोन्ही आत्या भेटणार आहेत. न पाठवलेली तीन पत्रं मी तिकडच्या आत्याला नेऊन देणार आहे.

आता दप्तरदारांना एक प्रश्न. १० नंबर भरला. ११ कोराच आहे. बक्षिसाच्या पानावर नि दाखल्यावर दोन्हीकडे फक्त वडिलांचं नाव आहे. या दोघींच्या आईचं नाव कुठे सापडेल?

उत्तर : दप्तरदार

ताई, पुस्तकाच्या त्या पानाचा आणि दाखल्याचा आजच स्वच्छ उजेडात फोटो काढा, दोन ठिकाणी जपून ठेवा. वंशावळीत त्या नावाशेजारी 'कशावरून' हेही लिहा.

११ साठी या दोघींच्या मागे लागू नका. त्यांच्या भावंडांकडे जा. जन्माच्या नोंदीत आईचं नाव असण्याची शक्यता जास्त, आणि एकीची नोंद हरवली तरी पाठच्या भावाची सापडते. मुलाने दिलेल्या मृत्यूच्या नोंदीतही कधी कधी ते मिळतं. नाव दोन-तीन प्रकारे लिहिलेलं असेल, सगळे प्रकार शोधा. सासरी नाव बदललं असेल तर दोन्ही नावं.

आत्या भेटतील तेव्हा आधी एवढंच विचारा : मावशीला भाऊ होता का, आणि तिची मुलं त्याला काय हाक मारायची?